छतावरचे पाणी गटारात का?

महोदय,

२०१९च्या महापुरात उपसा केंद्रे बुडाली आणि कोल्हापूरचे नळ कोरडे पडले. तेव्हा शिवाजी विद्यापीठाने शहराला पाणी दिले. ८५३ एकरांच्या त्या माळावर तळी, विहिरी राखून पावसाचे पाणी साठवले होते, म्हणूनच ते जमले. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

माझी नात शिकते त्या कॉलेजात मात्र पन्हाळीचे पाणी थेट गटारात जाते, आणि एप्रिल उजाडला की टँकर! मागे बोअर आटून पडलेली आहे. पन्हाळीला पाइप जोडून, वाळू-खडीच्या गाळणीतून पाणी तिच्यात सोडता येईल. प्राचार्यांनी टँकरची बिले काढून हिशेब करावा. मे महिन्यातच गवंडी लावला, तर यंदाचाच पाऊस मुरेल.

— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर