उडीनंतरची साइड

प्रिय संदीप,

आईचा गुडघा बरा आहे, माझी पाठही ठीक आहे. तब्येतीचं एवढं पुरे. आता ऐक. काल पूलच्या टेबलावर उडवलेल्या क्यू बॉलवर, म्हणजे पांढऱ्यावर, साइड (बाजूला मारून दिलेली फिरकी) टिकली! कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागल्यावर उघडली, माझ्या डोळ्यांदेखत.

नाइन-बॉल चालला होता. चार नंबर मारायचा होता आणि सात आडवा आलेला. जम्प क्यू, म्हणजे उडवायची आखूड काठी, काढला, सातावरून उडी मारली, चार पॉकेटमध्ये गेला. टाळ्या पडल्या, पण त्या उडीला. त्यानंतर पांढरा बॉल उजव्या साइडने कुशनवरून रुंद फिरला आणि पाचासमोर येऊन थांबला, ते कोणी बघितलंच नाही. विन्याला सांगायला गेलो तर म्हणतो, "गेला ना बॉल? मग झालं!" म्हणून तुला लिहितोय.

आपलं भांडण आठवतंय ना? तू म्हणायचास, बॉल कापडावर आपटला की सगळी फिरकी मेली. स्क्रूपुरतं, म्हणजे बॉल मागे आणणाऱ्या फिरकीपुरतं, ते मला तेव्हाही मान्य होतं. स्क्रूमध्ये बॉलचा तळ कापडावर घासत असतो, आणि आपटताना दाब इतका असतो की दर टप्प्याला तो झिजतो. साइडचं तसं नाही. ती उभ्या अक्षाभोवतीची फिरकी. भोवऱ्यासारखा बॉल एका बिंदूवर टेकतो, मग कापडाला धरायला मिळतंय काय? स्क्रू हवा असेल तर पुढचा बॉल जवळ पाहिजे. साइड मात्र टप्पे खाऊनही कुशनपर्यंत पोचते.

आता माझी खरी अडचण. क्यू उचललेला असताना साइड दिली की थोडा मासे (massé), म्हणजे बॉल वळवणारा फटका, होतोच. उजवी साइड दिली तर बॉल टिपेवरून, म्हणजे क्यूच्या टोकावरून, आधी किंचित डावीकडे सुटतो, हवेत सरळ जातो आणि कापड लागलं की उजवीकडे वळायला लागतो. लवकर उतरला तर त्याला वळायला जागा मिळते आणि पुढचा बॉल कापायचा तिथे जाडच, म्हणजे मधाच्या जवळ, लागतो, नाहीतर चक्क हुकतो. उशिरा उतरवावा तर हवेतच पुढच्या बॉलच्या डोक्यावर चढतो आणि टेबलाबाहेर. कापड लागेल पण वळायला वेळ मिळणार नाही, अशी जागा पाहिजे. काल ती मिळाली. आज सकाळपासून शोधतोय, मिळत नाही, आणि जीव नुसता तळमळतोय.

एक गोष्ट हाताला लागली आहे. आडवा बॉल अर्धाच वाटेत असेल तर पूर्ण 57 मिलिमीटर उडवायची गरज नाही, कड ओलांडली की पुरे. मग क्यू कमी उचलावा लागतो आणि वळणही कमी होतं. साइडही अर्ध्या टिपेपेक्षा जास्त देत नाही, कारण ही कडक प्लास्टिकची फेनॉलिक टिप दगडासारखी, चॉक धरतच नाही. आणि केंद्र धरायचं ते क्यूच्या रेषेतून दिसतं ते. त्याच्या जरा वर लागलं की बॉल टिप आणि कापडाखालच्या दगडी स्लेटच्या मध्ये चेपतो, उडायचं नावच घेत नाही.

हो, आणि तुझी ती गाजलेली उडी! खालून खरवडून वर काढलेला बॉल फाउल होता, आजही फाउलच आहे. शिवाय तू करवतीने कापलेला तो क्यू 40 इंचांच्या आत गेला होता, तेव्हा तोही नियमात बसत नव्हता. मोरेकाकांचं वेगळंच. ते स्नूकरवाले, त्यांना उडी म्हटली की फाउलच, आणि त्यांच्या खेळात ते खरंही आहे. पण काल मागे उभं राहून बघत होते बरं का.

तुझी बदली झाली म्हणे. घर लागलं का? छकुली शाळेत रमली असेल. वहिनींना नमस्कार.

आता एवढं सांग. साइड देताना तू वळण धरून निशाणा सरकवतोस, की निशाणा तोच ठेवून क्यू खाली आणतोस? तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, दोन्ही करून बघ आणि सविस्तर लिही. पुढच्या रविवारी सामना आहे. सात पुन्हा आडवा आला, तर मी साइड देणार आहे.

तुझा,
अभय