बाळाच्या बाप्तिस्म्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, वीस दिवसांच्या जिवाने असं काय पाप केलंय की ते धुवायला न्यायचं?" मी विषय बदलला. तुला वाटलं असेल, आईला राग आला. राग नाही गं. ते फोनवर बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तुझ्याआधीची तुझी बहीण नऊ दिवस जगली, हे तुला ठाऊक आहे. तिचा बाप्तिस्मा राहून गेला होता. तिला मूठमाती दिली त्या संध्याकाळी मंडळीतली एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "पाणी पडलं असतं तर स्वर्गात गेली असती." तिच्या परीने ती सांत्वनच करत होती. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. तुझा प्रश्न मी तू जन्मायच्या आधीपासून सांभाळतेय.

ते वाक्य आलं कुठून, हे शोधत मी जुन्या काळचे ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टिन यांच्यापर्यंत पोहोचले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा पेलागियस नावाच्या ख्रिस्ती उपदेशकाशी मोठा वाद झाला. पेलागियसचं म्हणणं असं, की देव आज्ञा देतो त्या अर्थी ती पाळायची ताकदही माणसात आहे. पहिला माणूस आदाम, त्याने देवाची आज्ञा मोडली; ते आदामाचं पाप आदामापाशी, प्रत्येक मूल कोरं जन्मतं. ऑगस्टिन म्हणाले, आदामाबरोबर सगळी मानवजात पापात पडली, तान्ही बाळंसुद्धा. यालाच मूळ पाप म्हणतात. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचं मत फेटाळलं. तेव्हापासून पश्चिमेकडच्या ख्रिस्ती जगावर ऑगस्टिनची छाप आहे.

मला त्यांचा फार राग यायचा. मग त्यांनी बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला 415 साली लिहिलेल्या पत्राबद्दल वाचलं. बाळांच्या शिक्षेचा विषय आला की मी फार अडचणीत सापडतो, काय उत्तर द्यावं कळत नाही, अशा अर्थाचं त्यांनी त्यात लिहिलंय. त्यांचा स्वतःचा मुलगा सतराच्या आसपास वारला होता. त्याचं नाव अदेओदातुस, म्हणजे आपल्या भाषेत देवदत्तच. ते कळल्यावर माझा राग निवळला. पटले मात्र नाहीत.

न पटायला कारणंही सापडली. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बारावं वचन त्यांनी लॅटिनमधून वाचलं. तिथला अर्थ त्यांनी 'ज्याच्यात सर्वांनी पाप केलं' असा घेतला. मूळ ग्रीकचा बहुतेक अभ्यासक लावतात तो अर्थ 'कारण सर्वांनी पाप केलं' असा आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाचा दोष वारशाने येतो असं सहसा मानत नाहीत. मरण येतं, दुबळेपण येतं, गुन्हा येत नाही. आणि तरी त्या मंडळ्याही तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करतात, हे लक्षात घे. कॅथलिक धर्मशिक्षणाचा 1992 चा ग्रंथही सांगतो, की मूळ पाप आपण 'करत' नाही, ते आपल्याला लागतं. आदामाच्या कुठल्याही वंशजाच्या माथी तो वैयक्तिक अपराध नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं रोमच्या धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगाने 2007 मध्ये छापलं. ते वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले.

म्हणजे पेलागियस बरोबर होता का? बरीच वर्षं मला तसंच वाटत होतं. पण आता जे सांगतेय ते तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही.

तू दीड महिन्याची असताना तीच बाई तुला बघायला आली. तुला घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले आणि मी पाठ फिरवली. पुढे उपासनेत ती आमच्याच बाकावर बसायची. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला वळायचे. घरातून निघताना ठरवायचे, आज देईन. देता यायची नाही. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं! कुणी हात बांधले नव्हते. चांगलं काय ते कळत होतं, करायचंही होतं, आणि होत नव्हतं. पौलाने रोमकरांस लिहिताना सातव्या अध्यायात स्वतःबद्दल हेच कबूल केलंय, की जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही. मूळ पाप म्हणजे काय, ते मला त्या बाकावर कळलं. मन सगळं समजून-उमजून एकाच अंगाला कलतं. तो कल माझ्या आईत होता, माझ्यात आहे, तुझ्यातही आहे. बाळाच्या मुठीत तो आत्ता दिसणार नाही, पण तोही माणसाचंच लेकरू आहे.

बायबलमधल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय एकदा पुन्हा काढ. आदाम-हव्वेच्या त्या गोष्टीत 'पाप' हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन याच्या संदर्भात, आणि तोही काइनाने आपल्या भावाचा, हाबेलाचा खून करण्याआधी. देव त्याला सांगतो, पाप दाराशी टपून बसलंय, त्याला तुझी ओढ आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालव. कल आदामापासूनचा असेल, दार मात्र काइनाचं आहे. सुटकाच नसती तर देव त्याच्याशी बोलला कशाला असता?

एका रविवारी माझी मान तिच्याकडे वळली. मी वळवली, की वळवली गेली? याच प्रश्नावर 1524 मध्ये इरॅस्मस या विद्वानाने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं आणि पुढच्याच वर्षी धर्मसुधारक लूथरने त्याला उलट उत्तर दिलं. दोघेही माझ्यापेक्षा कितीतरी शहाणे. मला एवढंच आठवतं, की माझ्या हाताला घाम आला होता, तिचा हात थंडगार होता, आणि मी "शांती असो" म्हणाले. तो हात मीच पुढे केला. आणि तेवढं बळ माझ्याजवळ नव्हतं, हेही तितकंच खरं.

बाळाला न्यायचं ते त्याच्यावर आरोप आहे म्हणून नाही, असं मी मानते. एकट्याने मान वळवता येत नाही, तेव्हा ते बळ त्याच्यासाठी आतापासूनच मागून ठेवायचं. तरी न्यायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा. मी आग्रह करणार नाही.

सोबत पांढरं झबलं पाठवतेय. शिवलं होतं तुझ्या बहिणीसाठी, घातलं तू. गळ्याची नाडी जीर्ण झाली होती, ती बदलली. जुनी नाडी कागदात गुंडाळून आतच ठेवलीय, तेवढी टाकू नकोस.

तुझी
आई