तरणतलावाची प्रकृती पंपघरात कळते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की गृहसंकुलांतील तरणतलाव मुलांनी गजबजतात आणि मे महिना उजाडेपर्यंत त्यांतील काही हिरवे पडून बंदही होतात. मग 'पाणी बदलावे लागेल' असे ठेकेदार सांगतो, तलाव उपसला जातो आणि ऐन टंचाईत टँकर मागवले जातात. आमच्या सोसायटीच्या तलावाची देखभाल गेली चार वर्षे समितीतर्फे मी पाहतो. त्यातून जे समजले ते इतर सोसायट्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र.

पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा तलावात सुमारे ४ लाख ६८ हजार लिटर पाणी असते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ ४७ टँकर. यंत्रणा नीट चालत असेल तर हे पाणी दर हंगामात उपसून टाकण्याची गरज सहसा पडत नाही. काठावरच्या पन्हळीतून आणि तळाच्या जाळीतून पाणी पंपाकडे येते, पंपाआधीच्या टोपलीत केस व पाने अडकतात, वाळूच्या फिल्टरमध्ये बारीक गाळ राहतो आणि क्लोरीन मिसळलेले पाणी भिंतीतल्या तोंडांतून तलावात परत जाते. साधारण सहा तासांत सगळे पाणी एकदा फिल्टरमधून जायचे, तर एवढ्या तलावासाठी ताशी ७८ हजार लिटर पाणी फिरले पाहिजे. वीजबिल वाचवण्यासाठी पंप दिवसातून दोनच तास चालवणाऱ्या सोसायट्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

माझ्या पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये पाणी दुधाळ झाले. ठेकेदाराच्या माणसाने क्लोरीनची पावडर दुप्पट टाकली, तरी पाणी निवळले नाही आणि मुले लाल डोळे घेऊन घरी आली. मी त्याच्याबरोबर पंपघरात उतरलो. टोपलीत केसांचा ओला गोळा होता आणि त्यात दोन क्लिपा अडकल्या होत्या. टोपली धुऊन पंप पुन्हा सुरू केला तेव्हा स्वच्छ फिल्टरवर ०.८ किलोला असणारा गेजचा (दाबमापकाचा) काटा १.६ वर गेला. बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटे पाणी सोडून साचलेला गाळ धुऊन काढणे, शेवटचा कधी केला, हे कोणालाच सांगता येईना. पंप बंद करून व्हॉल्व्हची मूठ फिरवली आणि बॅकवॉश सुरू केला, तेव्हा काचेच्या नळीतून चहासारखे तपकिरी पाणी वाहू लागले. ते निवळायला पाच मिनिटे लागली. काटा नेहमीपेक्षा अर्ध्या किलोने चढला की बॅकवॉश करायचा, एवढा साधा नियम पाळला असता तर ही वेळ आली नसती.

दुप्पट पावडर वाया का गेली, याचे उत्तर पाण्याच्या पीएचमध्ये, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याच्या मापात, होते. पीएच ७.५ असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारण्याच्या जोमदार रूपात असतो. पीएच ८ वर गेला की तो जेमतेम पाव उरतो. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखणे हे पावडर टाकण्याआधीचे काम आहे. तलावावर येणारा उग्र वास हाही क्लोरीन जास्त झाल्याचा पुरावा नव्हे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास असतो आणि डोळे चुरचुरतात तेही बहुधा त्यांच्यामुळेच. पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करायला सांगितल्यावर रागावणाऱ्या सभासदांनी हे लक्षात घ्यावे.

दोन धोके मात्र सांगितलेच पाहिजेत. टीसीसीए (तलावात वापरले जाणारे क्लोरीनचे दुसरे एक रसायन) आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका भांड्यात मिसळू नये. त्यातून आग लागू शकते. आणि जमिनीत बांधलेला तलाव भर पावसाळ्यात रिकामा करू नये, कारण भूजल वर आलेले असताना खालून येणारा दाब रिकाम्या तलावाचा तळ उचलू शकतो किंवा त्याला तडे पाडू शकतो.

माझी विनंती एवढीच आहे की सोसायट्यांनी आणि महापालिकांनीही ठेकेदाराशी करार करताना क्लोरीन, पीएच आणि गेज यांची नोंद रोज दोनदा करून ती पोहणाऱ्यांना दिसेल अशा फळ्यावर लिहिण्याची अट घालावी. आमच्याकडे असा फळा शॉवरशेजारी लावला आहे. आता सकाळी सहाचा आकडा लिहिलेला नसला, तर मुलेच जीवरक्षकाला विचारतात.

आपला,
एक सोसायटी सभासद, पुणे