उजनीची टक्केवारी छापताना पाण्याची पातळीही छापावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात उजनी धरणाची टक्केवारी रोज येते आणि जिल्ह्यातला ऊसवाला शेतकरी सकाळी आधी तीच वाचतो. करमाळा तालुक्यातल्या, जाळ्यावर पोट असलेल्या आमच्यासारख्या घरांना मात्र फाल्गुन-चैत्रात त्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही, आणि आमच्या धंद्याला सर्वांत जोखमीचे महिने नेमके हेच असतात.

उजनीचे पाणी पसरट आहे. धरण पूर्ण भरले की पातळी ४९६.८३ मीटर असते, तर शून्य टक्क्याला, म्हणजे उपयुक्त साठा संपल्यावर, ती ४९१.०३ मीटर असते. म्हणजे सुमारे साडेत्रेपन्न टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) सगळा उपयुक्त साठा जेमतेम सहा मीटरांत सामावलेला आहे. त्यामुळे उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचे पाणी, सुटले, की पातळी हातभर उतरते आणि काठ मात्र कित्येक वावरे मागे जातो. गेल्या उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात बांधून ठेवलेली आमची होडी पाचव्या दिवशी गाळात रुतलेली सापडली आणि ती ओढून काढायला चौघे जण लागले. होडीचे एवढे दुःख नाही. काठाच्या गाळात चिलापी माशाचा नर परातीएवढे गोल खळगे करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि पिल्ले उथळ पाण्यात सोडते. पाणी झपाट्याने हटले, की ते खळगे उघडे पडतात आणि मागे राहिलेल्या डबक्यांत बोटाएवढी पिल्ले तडफडताना दिसतात. आम्ही घमेल्याने जमतील तेवढी उचलून पाण्यात सोडतो, पण त्याला मर्यादा आहे.

उरलेली मासळी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या भीमेच्या जुन्या पात्रातल्या खोल पाण्यात गोळा होते. त्या दिवसांत जाळे भरून येते, बाजारात भाव पडतो आणि सगळे म्हणतात, यंदा मासळी चांगली आहे. मला हे म्हणणे पटत नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात वीण करीत नाहीत. पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले, की ते प्रवाहाकडे चढतात. वैशाखात जाळ्यात येणाऱ्या माद्यांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, धरलेली असते, म्हणजे आपण पुढच्या हंगामाचे बियाणेच विकत असतो. त्यातच काही जण वडाप नावाच्या बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लेही उपसून नेतात, हे आमच्यातलेच लोक करतात याची मला खंत आहे.

उन्हाचा मारा वेगळाच. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. मुळा-मुठेतून भीमेत येणाऱ्या सांडपाण्यामुळे पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरते, ती रात्रभर प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात. असे दिसले, की माझे वडील त्या बाजूला जाळे टाकू देत नसत.

वळवाच्या वाऱ्याची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. २१ मे २०२४ रोजी याच धरणात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जीव गेले. दुपारनंतर पश्चिमेला ढग भरून आले, तर मच्छीमारानेही पाण्यात उतरू नये.

म्हणून आपल्यामार्फत पाटबंधारे आणि मत्स्य या दोन्ही खात्यांना विनंती आहे, की आवर्तनाच्या तारखा आणि त्यानंतर पातळी किती मीटरवर येणार याचा अंदाज किमान आठ दिवस आधी काठावरच्या गावांना कळवावा, आणि चैत्र ते ज्येष्ठ या काळात जुन्या पात्रातले काही डोह मासेमारीसाठी बंद ठेवावेत. डोह कोणते, हे आम्ही मच्छीमार होडीत बसवून दाखवू. आपणही टक्केवारीच्या शेजारी रोजची पातळी मीटरमध्ये छापावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक मच्छीमार वाचक,
करमाळा तालुका, जि. सोलापूर