शिआनच्या शेवया आणि गव्हाचा चीक

ती. आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

जूनमध्ये तुम्ही इकडे आल्यावर बाहेर जेवायला कुठे जायचे, असे आईने फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हे पत्र लिहिते आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फ्लशिंग भागात शिआनच्या पद्धतीच्या नूडल्सचे एक लहानसे हॉटेल आहे; तिथे तुम्हा दोघांना न्यावे, असे मला मनापासून वाटते. बाबांना चायनीज आवडत नाही हे मी जाणते, परंतु आपल्याकडे गाड्यांवर मिळते ते चायनीज बरेचसे भारतातच घडलेले आहे आणि या जेवणाशी त्याचे नाते फारच थोडे आहे.

शिआन हे चीनच्या वायव्येकडील शान्शी प्रांतातले शहर. दक्षिण चीन भाताचा, तर हा मुलूख गव्हाचा. बाबा, तुम्ही वर्गात ज्या युआन श्वांगविषयी शिकवत होतात, तो पुलकेशीच्या काळचा महाराष्ट्र पाहून इ. स. ६४५ मध्ये ज्या छांगआन नगरीत परतला, तेच हे शिआन.

आईसाठी मात्र मी ‘ल्यांगफी’ हा थंड पदार्थ मनात धरला आहे. कणीक मळून ती पाण्यात चोळून चोळून धुतात, ते दुधासारखे पाणी रात्रभर ठेवतात, वरची निवळी ओतून देतात आणि तळाशी बसलेला चीक पसरट थाळीत पातळ ओतून वाफवतात. आई, कुरडयांसाठी तू गहू भिजत घालून, वाटून, चीक काढतेस तसेच हे नाही का? फरक इतकाच की, तू चीक शिजवून सोऱ्याने घालतेस आणि उन्हात वाळवतेस. इथे त्याची वाफवलेली, जवळजवळ पारदर्शक पोळी गार करून तिच्या लांब पट्ट्या कापतात. कणीक धुतल्यावर हातात उरलेला चिवट गोळाही वाया जात नाही. तो वाफवला की जाळीदार होतो आणि त्याचे तुकडे याच पदार्थात घालतात. वर काकडी, मोड आलेले मूग, लसूण, काळसर व्हिनेगर आणि लाल तिखटाचे तेल. तो जाळीदार तुकडा सगळा आंबट-तिखट रस शोषून घेतो आणि चावला की तोंडभर सोडतो. मला सगळ्यात तोच आवडतो.

बाबांसाठी गरम, रुंद शेवया मागवू. त्या करताना पाहायला मिळाल्या तर अवश्य पाहा. तेल लावून मुरवलेल्या कणकेची लांबट पट्टी दोन्ही टोकांना धरून ताणतात, ओट्यावर सपासप आपटतात आणि मधोमध फाडून उकळत्या पाण्यात सोडतात. वाडग्यात शेवयांवर लाल तिखट, लसूण आणि पातीचा कांदा ठेवून त्यावर कडकडीत तापलेले तेल ओतले की चर्र आवाज होतो आणि तिखटाचा खमंग वास सुटतो. तिखट कमी घालायला सांगता येते, त्यामुळे बाबांच्या पित्ताची काळजी नको. वाडगा मोठा असतो. दोघांत एक पुरेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. हे दोन्ही पदार्थ मांसाशिवाय मिळत असले, तरी जिरे घातलेले मटण ही शिआनची खासियत असल्यामुळे त्याच स्वयंपाकघरात तेही शिजते. आईला ते चालणार नसेल, तर आग्रह मुळीच नाही; फ्लशिंगमध्येच बाउन स्ट्रीटवर गणपतीचे मंदिर आहे, त्याच्या उपाहारगृहात डोसा उत्तम मिळतो, आपण तिथे जेवू आणि ल्यांगफी मी घरी करून पाहीन. कणीक धुवायला तू शेजारी असलीस तर चीक नक्की चांगला बसेल. तेव्हा आईने मनाशी ठरवून मला मोकळेपणाने कळवावे.

आपली,
लेक