तुळईची टोके कोण बघणार?

माननीय संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दारांवर ‘धोकादायक’ म्हणून नोटिसा लागतात. मी वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करणारा सुतार. परवा सदाशिव पेठेत पाहणीला आलेले एक साहेब माजघरात उभे राहिले, मान वर केली, तुळईला, म्हणजे छताचा भार पेलणाऱ्या आडव्या लाकडाला, बाक दिसला, तो वहीत लिहिला आणि निघाले. तुळईला हातसुद्धा लावला नाही.

सागवानी तुळई पिढ्यान् पिढ्या ओझे वाहते, तेव्हा थोडी वाकतेच. सूत धरून बाक मोजावा, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावा. वाढला नसेल तर घाबरायचे कारण नाही. खरा घात होतो तो भिंतीत गेलेल्या टोकाशी. ते वीतभर लाकूड कोणाला दिसत नाही, आणि तुळईवरच्या आडव्या कड्या, त्यांवरचे फळ्यांचे पाट, वरची माती, फरशी हा सगळा भार टेकलेला असतो तो तिथेच. पलीकडे नव्याने काढलेली मोरी असेल किंवा वरची पन्हळ फुटली असेल तर भिंत पाणी पिते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल सुकून जायची. आता वरून सिमेंट थापतात, ओल आतच कोंडते आणि टोक कुजते, नाहीतर वाळवी धरते. खोलीतून बघाल तर तुळई ठणठणीत, वर ऑइलपेंट मारलेला!

तपासायला यंत्र लागत नाही. भिंतीलगत हातोडीने ठोकावे. आवाज बद्द आला तर बारीक गिरमिट भिंतीच्या दिशेने तिरके घालून भुसा बघावा. कोरडा, सागाचा वास असलेला कीस निघाला तर लाकूड चांगले. काळा, ओलसर चुरा निघाला तर त्याच दिवशी टेकू द्यावा. त्यासाठी अख्खा वाडा पाडायला नको. कुजका भाग कापून नवे सागवान जोडता येते, दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळता येतात, किंवा भिंतीलगत खांब उभा करता येतो. पाडलेल्या वाड्यांचे सागवान पुढे फर्निचरसाठी चढ्या भावाने विकले जाते, तेव्हा ते कोणालाच धोकादायक वाटत नाही.

वायरमन आणि प्लंबर यांनाही कोणीतरी आवरा. पाइप न्यायला ते तुळईच्या पोटाला खाच पाडतात. आठ इंच उंचीच्या तुळईतून खालचे दोन इंच गेले की त्या जागची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती उंचीच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. त्यात खणाच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधोमध ताण सगळ्यात जास्त असतो तो खालच्याच अंगाला.

पाहणीच्या तक्त्यात प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांसाठी एकेक रकाना असावा आणि ठोकून, भुसा बघूनच तो भरावा, एवढीच मागणी आहे. दुरुस्ती मालकाने करायची की भाडेकरूने, हा वाद कोर्टात चालू दे. तोवर टेकू लावायला तरी दोघांनी एकमेकांना अडवू नये.

— एक सुतार, कसबा पेठ, पुणे