गंगावेशीतल्या मामांना

मामा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गंगावेशीत म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध देणारे तुम्ही बरेच जण. पण ज्यांच्या लाल पटक्यानं माझ्या लेकाचा पाय पुसला ते तुम्हीच, एवढ्यावरून ओळखाल.

कुत्र्यानं त्याची पोटरी धरली तेव्हा मी त्याला दंडाला धरून ओढत होते. आई दुसरं काय करणार? तुम्ही ओरडलात, "वैनी, ओढू नगा, मांस फाटंल!" आणि ओलं गोणपाट कुत्र्याच्या तोंडावर टाकून मधे बादली रेटलीत. दात सुटले. पोरगं पळायला निघालं तर, "पळू नगंस लेका, झाडागत हुबा ऱ्हा. त्याच्याकडं बघू नगंस." तो थरथरत उभा राहिला आणि कुत्रं गुरगुरत निघून गेलं.

भोवती सात-आठ माणसं होती. दोघांनी मोबाईल वर धरले होते. एक आजी तिखट घेऊन आल्या, जखमेत भरा म्हणाल्या. त्यांची माया तरी होती. मोबाईलवाल्यांचा राग अजून जात नाही.

पण मला लिहायचंय ते नळापाशी काय घडलं त्याबद्दल. तुम्ही खाली बसलात, त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतलात आणि वाहत्या पाण्याखाली साबण लावून धूत राहिलात. पुरी १५ मिनिटं. तो किंचाळत होता. मग तुम्ही त्याला म्हशींची नावं सांगायला लागलात. चंद्री. मोरी. राधी. गंगी. कोण लाथ मारते, कुणाला गूळ आवडतो. नावागणिक त्याचं रडं कमी होत गेलं, रक्ताकडं बघायचं तो विसरला. पाचवं नाव घेताना तुम्ही थांबलात. "कपिली," एवढंच म्हणालात आणि पुन्हा साबण लावलात.

पुढची धावपळ सांगत बसत नाही. पहिल्या खाजगी दवाखान्यात रेबीजसाठी जखमेत द्यायचं औषध, सिरम, नव्हतं, वर टाके घालून देतो म्हणाले. तुम्ही धंदा शेजाऱ्यावर सोडून रिक्षात आमच्याबरोबर होतात, म्हणून मला नको म्हणायचा धीर झाला. सीपीआरमध्ये, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जखमेत सिरम दिलं, लस सुरू झाली. साबणानं रेबीजच्या विषाणूचं वरचं आवरणच मोडतं, लगेच धुतलंत हे फार बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना तुम्ही कपिलीचं सांगितलंत. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं, तुम्ही गावाला गेलेले. महिन्याभरानं तोंडाला फेस, पाणी गिळता येईना. "तिला कुणी धुतलंच न्हाई वैनी." तेव्हा कळलं, नळाखाली तुमचे हात एवढे का थांबत नव्हते.

माणूस आपलं दुःख असं दुसऱ्याच्या लेकराच्या कामी लावतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी दुधाचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत.

आता झोपताना तो पाचही नावं म्हणतो. कपिलीचं सगळ्यात आधी.

शेवटचं इंजेक्शन २८व्या दिवशी, येत्या गुरुवारी आहे. तिथून थेट तुमच्याकडं येतोय. गूळ मोरीला आवडतो की राधीला, यावरून घरात वाद चाललाय. दोघींनाही पुरेल एवढा आणतो.

तुमची,
त्या पोराची आई